प्रोसेसरचा पंखा आणि त्याच्या चार तारा

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची आवक वाढू लागली, की विंचूरच्या पेढ्यांवरील संगणकांना सकाळपासून उसंत नसते. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे. लिलाव संपला, काटा झाला, की शेतकऱ्याला हिशेबपट्टी हातात हवी असते. अनेक घरांत कांदा शिजत नाही, पण त्याच घरांतील पेढीवर दिवसभर कांद्याच्याच पट्ट्या निघत असतात. आणि नेमके दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, बाहेर ट्रॅक्टरांची रांग असताना, संगणक रेंगाळू लागतो. खातेवही उघडायला वेळ लागतो, पट्टी छापायला दिली तरी पडद्यावरचे चक्र फिरत राहते, कधी यंत्र आपोआप बंद पडते. दोष बहुधा व्हायरसला दिला जातो, नाहीतर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तेच यंत्र पूर्ववत चालू लागते, त्यामुळे दुरुस्तीचा विचारही मागे पडतो. अशा तक्रारीत सर्वांत आधी ज्याच्याकडे पाहावे, तो भाग मात्र कॅबिनेटच्या आत धुळीखाली दडलेला असतो. तो म्हणजे प्रोसेसरवरील पंखा, आणि त्या पंख्याची मदरबोर्डला केलेली जोडणी.

अलीकडे घरातील तरुण मुले संगणक स्वतः जोडतात. नाशिकहून सुटे भाग आणायचे आणि सुटीच्या दिवशी घरी बसून यंत्र उभे करायचे, हा आता नवलाचा प्रकार राहिलेला नाही. तयार यंत्रापेक्षा हवे तसे भाग निवडता येतात, पैसे वाचतात आणि मुलांना यंत्राची ओळखही होते. या जोडणीत सगळे लक्ष प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या निवडीकडे असते. पंख्याची बारीक वायर शेवटी, यंत्र सुरू करण्याच्या घाईत, जिथे बसेल तिथे खोचली जाते. पंखा फिरला म्हणजे काम झाले, अशी समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. त्या वायरीतील चारपैकी दोनच तारा पंख्याला वीज पुरवतात. उरलेल्या दोन तारांचे काम वेगळे आहे, आणि विंचूरसारख्या धुळीच्या व उन्हाच्या गावात त्याच दोन तारांवर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते.

प्रोसेसरला पंखा लागतो तरी का, हे घरातल्याच एका वस्तूशी ताडून पाहता येते. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरमागे पाच वॅट उष्णता पडते. सामान्य वापरातील प्रोसेसर भर कामात ६५ वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करतो, पण त्याची खरी चकती, म्हणजे धातूच्या झाकणाखालील सिलिकॉनचा तुकडा, जेमतेम दीड चौरस सेंटिमीटरचा असतो. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरमागे चाळीस वॅटहून अधिक, म्हणजे तापलेल्या इस्त्रीच्या आठपट उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून सतत बाहेर काढावी लागते. इस्त्री तापावी म्हणूनच बनवलेली असते. प्रोसेसरचे तापमान मात्र साधारण ९५ ते १०५ अंशांच्या मर्यादेत ठेवावे लागते.

उष्णतेची ही चिंता संगणकाइतकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या आणि त्यांतील प्रत्येक नलिका तापत असे. घरगुती संगणकांत मात्र पुढे बराच काळ प्रोसेसरला पंख्याची गरजच नव्हती. १९९३ साली आलेल्या पेंटियमपासून पंखा हा यंत्राचा जवळजवळ कायमचा भाग झाला. पंख्याशिवाय काय होते, हे २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरच्या परीक्षकांनी चालत्या यंत्रांवरील थंडावा देणारा भाग मुद्दाम काढून दाखवले होते. पेंटियम ४ मंदावला पण वाचला, तर त्या काळचा अॅथलॉन क्षणार्धात धूर सोडून निकामी झाला. त्यानंतरच्या प्रोसेसरांत स्वसंरक्षणाची चांगली सोय आहे. मर्यादा जवळ आली, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान वाढले तर यंत्र बंद करतो. पेढीवर दुपारी जाणवणारा रेंगाळेपणा अनेकदा हाच असतो. प्रोसेसर बिघडलेला नसतो, तो जीव वाचवत असतो.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. पंखा एकटा काही करू शकत नाही. त्याच्याखाली अॅल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक असतो आणि हीटसिंक व प्रोसेसर यांच्यामध्ये राखाडी थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा राहतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. पेस्टचे काम त्या खाचा भरण्याचे. प्रोसेसरच्या खोक्यातून मिळणाऱ्या हीटसिंकला पेस्ट बहुधा आधीच लावलेली असते. वेगळा विकत घेतलेला असेल, तर मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब पुरतो. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही. वेगळ्या हीटसिंकच्या तळाला अनेकदा पारदर्शक प्लॅस्टिकचा संरक्षक पापुद्रा चिकटवलेला असतो. तो तसाच ठेवून हीटसिंक बसवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. पंखा झकास फिरतो आणि प्रोसेसर मात्र तापत राहतो.

इंटेलच्या अनेक साध्या हीटसिंकना चार कोपऱ्यांवर दाबून बसवायच्या खुंट्या असतात. त्या एका बाजूने ओळीने दाबल्या, तर समोरची बाजू उचलली जाते. म्हणून एक कोपरा, मग त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा, असे दाबत जावे. प्रत्येक खुंटी बसताना टक् असा आवाज येतो. खुंटीवरील बाणाची दिशा ही काढण्याची दिशा आहे, बसवण्याची नव्हे, हे लक्षात न आल्याने अनेक खुंट्या अर्धवट अडकतात. हे काम मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्यापूर्वीच टेबलावर करावे, म्हणजे बोर्ड उलटून चारही खुंट्यांची टोके मागच्या बाजूला पूर्ण आली आहेत का, हे पाहता येते. चौथी खुंटी नीट न बसलेली यंत्रे वर्षानुवर्षे चालतात, आणि मग एखाद्या कडक उन्हाळ्यात अडतात.

हीटसिंक बसला, की उरते ती वायर. तिच्या टोकाला चार छिद्रांचे चपटे कनेक्टर असते. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या जवळच चार उभ्या पिनांची एक जागा असते आणि तिच्या शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सीपीयू फॅन’ असे छापलेले असते. कनेक्टरच्या एका बाजूला दोन उभ्या कडा असतात आणि पिनांच्या मागे प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते. त्या कडा पट्टीला धरूनच कनेक्टर आत जातो, उलटा जात नाही. जोर लावावा लागत असेल, तर दिशा चुकली आहे असे समजावे. यंत्राची मुख्य वायर भिंतीतील सॉकेटमधून काढल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये.

पहिली तार जमिनीची, म्हणजे विजेच्या परतीची. दुसरी १२ व्होल्ट वीज पुरवणारी. या दोघींवर पंखा फिरतो. तिसरी तार पंख्याकडून मदरबोर्डकडे येते. पंखा एक फेरा पूर्ण करतो तेव्हा या तारेवर विजेचे दोन ठोके पडतात. मिनिटाला १२०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला २० फेरे घेतो, म्हणजे मदरबोर्डला सेकंदाला ४० ठोके मिळतात, आणि त्यावरून बोर्ड पंख्याचा वेग मोजतो. ठोके थांबले, तर पंखा थांबला हे त्याला कळते. चौथी तार उलट दिशेने, मदरबोर्डकडून पंख्याकडे जाते. तिच्यावर सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत असतो. त्या प्रत्येक आवर्तनात संकेत किती वेळ चालू राहतो, त्या प्रमाणात पंखा वेग कमी-जास्त करतो. एका तारेने खबर येते आणि दुसरीने आज्ञा जाते. ज्यांनी ही योजना आखली त्यांची एक दूरदृष्टी कौतुकास्पद आहे. चौथी तार तुटली किंवा जोडलीच नाही, तर पंखा थांबत नाही, उलट पूर्ण वेगाने फिरतो. आज्ञा आली नाही, तर सुरक्षित बाजूने चूक करायची, असा तो संकेत आहे.

तारांच्या रंगांवर मात्र भिस्त ठेवू नये. जुन्या तीन तारांच्या पंख्यांत काळी जमिनीची, लाल १२ व्होल्टची आणि पिवळी खबरीची असे. चार तारांच्या अनेक पंख्यांत पिवळी तार १२ व्होल्टची झाली, हिरवी खबरीची आणि निळी आज्ञेची. म्हणजे एकच पिवळा रंग दोन ठिकाणी दोन कामे करतो. हल्ली तर चारही तारा काळ्या असलेले पंखे येतात. रंगापेक्षा कनेक्टरच्या कडा पाहाव्यात. तीन तारांचा जुना पंखा चार पिनांच्या जागेवर बसतो आणि चालतोही. चौथी पिन मोकळी राहते. अशा पंख्याचा वेग बोर्डाला व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलावा लागतो, आणि ती सोय बायोसमध्ये निवडावी लागते.

आणखी एक घोटाळा शब्दामुळे होतो. दुकानात ‘फोर पिन’ म्हटले, की कधी मदरबोर्डवर बसणारा पंखा मिळतो, तर कधी एसएमपीएसच्या जाड चार पिनांच्या वायरीवर थेट बसणारा. दुसऱ्या प्रकारचा पंखा प्रोसेसरवर बसवला, तर तो नेहमी एकाच वेगाने फिरत राहील, आणि ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी कोणालाही त्याची खबर जाणार नाही.

खरी गफलत होते ती जागेच्या निवडीत. मदरबोर्डवर चार पिनांच्या जागा एकाहून अधिक असतात. काहींजवळ ‘सिस्टिम फॅन’ किंवा ‘चेसिस फॅन’ असे छापलेले असते. त्या कॅबिनेटच्या पंख्यांसाठी आहेत. दिसायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे वायर लांबीला कमी पडली, की प्रोसेसरचा पंखा जवळच्या दुसऱ्या जागेवर जातो. पंखा फिरतो. पण त्या जागेवरची आज्ञा बहुधा बोर्डाच्या तापमानावरून ठरते, प्रोसेसरच्या नव्हे. प्रोसेसर तापत असताना पंखा आपल्या संथ चालीने फिरत राहतो. इकडे ‘सीपीयू फॅन’च्या जागेवर एकही ठोका येत नसल्याने बोर्ड सुरू होतानाच थांबतो आणि पडद्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ असा इशारा देतो. हा इशारा म्हणजे यंत्राने केलेली सरळ विचारणा आहे. पण त्याला मिळणारे उत्तर अनेकदा विचित्र असते. पंखा तर डोळ्यांना फिरताना दिसतो आहे, मग इशारा खोटा, असे ठरवून बायोसमध्ये जाऊन ती देखरेखच ‘इग्नोर’ केली जाते. इशारा बंद होतो, घरचे समाधानी होतात. वायर काढून दोन इंचांवरच्या योग्य जागी बसवायला याहून कमी वेळ लागला असता.

या चुकीचा परिणाम लगेच का दिसत नाही, याचे उत्तर निफाड तालुक्याच्या हवामानात आहे. विंचूर याच तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील थंडीची नोंद हिवाळ्यात राज्यभरच्या वृत्तपत्रांत झळकते. पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. तोच तालुका एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या आसपास तापतो. प्रोसेसरचे तापमान हे आजूबाजूच्या हवेच्या वर किती, अशा रीतीनेच मोजायचे असते. चांगला बसलेला, स्वच्छ हीटसिंक दर वॅटमागे साधारण अर्धा अंश वाढ होऊ देतो असे धरले, तर ६५ वॅटच्या कामाला प्रोसेसर कॅबिनेटमधील हवेपेक्षा ३२ ते ३३ अंशांनी गरम राहील. जानेवारीत खोलीत १५ आणि कॅबिनेटमध्ये २० अंश असतील, तर प्रोसेसर ५३ अंशांच्या आसपास. मेमध्ये खोलीत ४० आणि आत ४५ अंश असतील, तर ७८. दोन्ही मर्यादेच्या आत.

आता हीटसिंक धुळीने भरला आहे, किंवा पंखा चुकीच्या जागेवरून संथ चालतो आहे, आणि थंडावा निम्मा झाला आहे असे समजा. वाढ ३२ ऐवजी ६५ अंशांची होते. जानेवारीत ८५ अंश, म्हणजे यंत्र चालते, कोणाला काही कळत नाही. मेमध्ये ११० अंशांचा हिशेब येतो, आणि तेथपर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रोसेसर मंदावतो किंवा बंद पडतो. दिवाळीत जोडलेले आणि वहीपूजनाच्या पाटाशेजारी मांडलेले यंत्र हिवाळाभर उत्तम चालते, आणि कांद्याच्या हंगामात दगा देते, त्यामागे हे गणित आहे. दोष हंगामात निर्माण होत नाही, तो जोडणीच्या दिवसापासून असतो.

हवा खेळती ठेवण्याचे शास्त्र या भागाला कोणी नव्याने शिकवायला नको. कांदा चाळीची तळाची फळी जमिनीपासून उंच ठेवतात, फळ्यांमध्ये फटी सोडतात, बाजूच्या भिंतीही जाळीच्या असतात. साठवलेला कांदा श्वसन करतो, त्यातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. तळातून येणारी हवा तो घेऊन वर निघून जाते. थर फार उंच केला, की मधला कांदा घाम धरतो आणि सडतो. कॅबिनेटची रचना याच तत्त्वावर आहे. पुढून खालच्या बाजूने थंड हवा आत, मागून वरच्या बाजूने गरम हवा बाहेर. चाळीतल्या कांद्यासाठी फटीफटीचा विचार करणारा माणूस पेढीवर मात्र संगणकाचा डबा टेबलाखालच्या बंद कपाटात कोंबतो, त्यावर जुन्या पावती पुस्तकांचा गठ्ठा ठेवतो, मागची बाजू भिंतीला टेकवतो. मग प्रोसेसरचा पंखा कितीही जोराने फिरला, तरी तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. कपाटाचे दार काढून टाकले आणि मागे वीतभर जागा सोडली, तरी फरक पडतो.

धुळीचा प्रश्न वेगळा आणि येथे विशेष मोठा आहे. आवारात आणि खळ्यांवर ट्रॅक्टर-पिकअपची ये-जा, कांदा निवडताना उडणारी सुकी टरफले, बारीक माती, हे सारे पेढीच्या उघड्या दारातून आत येते. टरफल हलके आणि पातळ असल्याने ते पंख्यात ओढले जाते आणि हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून बसते. काही महिन्यांत पंख्याखाली नमद्यासारखा थर तयार होतो. पंख्याचा वेग पडद्यावर ठीक दिसतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वेगाच्या आकड्याबरोबर तापमानाचा आकडाही पाहावा. वेग चांगला आणि तापमान जास्त, तर धूळ, पेस्ट किंवा बसवणी यांचा संशय घ्यावा. वेगच हळूहळू कमी होत गेला आहे आणि घरघर ऐकू येते, तर पंख्याच्या धारव्यातील तेल सुकले आहे असे मानायला हरकत नाही. तिसऱ्या तारेची खबर येथे कामी येते. पंखा पूर्ण थांबण्याच्या बऱ्याच आधी तो दमू लागल्याचे ती सांगते.

साफसफाई हंगामाच्या तोंडावर, फेब्रुवारीच्या अखेरीस करावी. वीज पूर्ण तोडून, कॅबिनेट उघड्यावर नेऊन, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर चालवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने ती मर्यादेबाहेर फिरली, तर धारवा खराब होतो, आणि फिरता पंखा छोट्या जनित्रासारखा मदरबोर्डकडे उलट वीजही ढकलू शकतो. हीटसिंक उचलावा लागला, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावणे आवश्यक आहे. एकदा सुटलेला थर पुन्हा तसाच बसत नाही.

पंखा बदलण्याची वेळ आली, तर नव्याची मापे जुन्याशी जुळवून पाहावीत, कनेक्टर मदरबोर्डचेच आहे याची खात्री करावी आणि चौकटीवरील बाण बघावेत. एक बाण पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवा जाण्याची. प्रोसेसरवर आडव्या बसणाऱ्या साध्या पंख्याची हवा हीटसिंकच्या दिशेने, खाली जायला हवी. वायर जास्तीची उरली, तर तिची घडी करून कॅबिनेटच्या चौकटीला बांधावी. पात्यांत अडकलेली सैल वायर पंखा थांबवायला पुरेशी असते.

सगळे जोडून झाल्यावर यंत्र पहिल्यांदा सुरू करताना थेट विंडोज भरायला घेऊ नये. बायोसमध्ये जावे. तेथे ‘सीपीयू फॅन’समोर फेऱ्यांचा आकडा यायला हवा. तो शून्य किंवा कोरा असेल आणि पंखा मात्र फिरत असेल, तर वायर चुकीच्या जागी आहे किंवा तिसरी तार जोडलेली नाही. पाच-दहा मिनिटे तापमान पाहावे. ते चढत जाऊन एका ठिकाणी स्थिरावले, तर बसवणी ठीक आहे. थांबल्याशिवाय ऐंशी-नव्वदकडे निघाले, तर यंत्र लगेच बंद करून हीटसिंकच्या खुंट्या आणि तो पारदर्शक पापुद्रा पाहावा. देखरेखीची सोय चालू ठेवावी, आणि पंख्याचा वेग ठरवण्याचा आधार प्रोसेसरचे तापमान हाच निवडावा. हा आकडा, शक्यतो खोलीतील त्या दिवसाच्या तापमानासह, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून ठेवला, तर मे महिन्यात तक्रार आल्यावर ताडून पाहायला काहीतरी हाताशी असते.